वाचलें तें कोणाचें? परिचर्येच्या सिद्धान्तांचे विश्वसनीय आधार
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त परिचारिका भगिनी व विद्यार्थिनी यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आठवड्यांत धर्मग्रामांतील निरनिराळ्या वर्गांसाठीं एकेक सभा ठेविलेली आहे. आजची सभा परिचारिकांची व परिचर्येचें शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींची आहे. रविवारीं मिस्सेनंतर चर्चच्या आवारांत क्षणभर उभें राहिलें तरी कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची बहीण नागपुरांतील लहानमोठ्या इस्पितळांत रात्रपाळी करून नुकतीच परतली आहे असें ऐकूं येतें. याच मुली आम्हांस एक प्रश्न पुनःपुन्हां विचारतात: “फादर, परिचर्येच्या सिद्धान्तांवर व ते मांडणाऱ्या विदुषींवर निबंध लिहावयाचा आहे. इंटरनेटवर माहिती ढिगानें सांपडते. पण तींतली खरी कोणती, हें कसें ओळखावें?” प्रश्न चांगला आहे, म्हणून आज त्याचेंच उत्तर देण्याचें आम्ही योजिलें आहे.

आम्ही वैद्य नव्हों व परिचारिकाहि नव्हों. तेव्हां रोग्याच्या उशापाशीं काय करावें हें तुम्हांस शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु सेमिनरींतील आमच्या गुरुजनांनीं आम्हांस एक संवय लाविली. कोणतेंहि वचन कानीं आलें कीं तीन प्रश्न विचारावयाचे: हें कोणाचें? हें कोठें लिहिलें आहे? आणि ज्यानें आपणांस सांगितलें त्यानें तें मूळ ठिकाणीं स्वतः पाहिलें होतें काय? धर्मग्रामाच्या कचेरींत बाप्तिस्म्याची वही असते. पन्नास वर्षांनीं कोणी दाखला मागावयास आला तर धर्मगुरु तो आठवणीवरून लिहून देत नाहीं. वही उघडतो, ओळ शोधतो, आईबापांचीं व साक्षीदारांचीं नांवें पाहतो आणि मग सही करतो. संत लूक परंपरेनें वैद्य मानला गेला आहे. तोहि आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीं सांगतो कीं, ज्यांनीं घटना डोळ्यांनीं पाहिल्या त्यांच्याकडून आलेली हकीकत मुळापासून शोधून मगच आपण ती क्रमवार लिहीत आहों. शास्त्राच्या अभ्यासासहि याहून निराळा नियम नाहीं.

हा नियम न पाळल्यानें काय होतें याचीं दोन उदाहरणें घेऊं.

पहिलें उदाहरण शपथेचें. हातांत दिवा घेऊन तुम्ही जी शपथ उच्चारतां तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचें नांव आहे, व ती त्यांनींच लिहिली असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ती १८९३ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं, हार्पर इस्पितळाशीं जोडलेल्या फॅरन्ड परिचारिकाशाळेंत, लिस्ट्रा ग्रेटर या बाईंच्या नेतृत्वाखालील एका समितीनें तयार केली. हिपॉक्रेटीस या ग्रीक वैद्याच्या नांवानें चालत आलेली वैद्यांची शपथ त्यांच्यापुढें नमुना म्हणून होती. नाइटिंगेलबाईंचें नांव आदरार्थ जोडलें गेलें. दिव्याचीहि तीच गोष्ट. बिल्ल्यांवर जो चोंचीचा तेलाचा दिवा कोरलेला असतो तसा दिवा त्यांच्या हातीं नव्हता. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळीं स्कुटारीच्या इस्पितळांत वापरांत असे तो घड्या पडणारा तुर्की कंदील. शपथ घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती सुंदर आहे व पाळण्यासारखी आहे. परंतु तिच्यांतील वाक्य नाइटिंगेलबाईंचा विचार म्हणून प्रबंधांत उतरविलें, तर तें असत्य होईल.

दुसरें उदाहरण आपल्या देशाचें. अनेक पुस्तकांत व संकेतस्थळांवर असें छापलेलें असतें कीं, इ. स. पूर्व २५० च्या सुमारास जगांतील पहिली परिचर्येची शाळा भारतांत निघाली व तींत केवळ पुरुषांनाच प्रवेश होता. वाचून अभिमानानें छाती फुगते. पण आधार विचारला तर एक पुस्तक दुसऱ्याकडे बोट दाखवितें आणि दुसरें तिसऱ्याकडे. जीं दोन मूळ स्थळें पुढें केलीं जातात तीं उघडून पाहावीं. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत माणसांच्या व जनावरांच्या चिकित्सेची सोय केल्याचें, औषधी वनस्पति लावविल्याचें व विहिरी खणविल्याचें लिहिलें आहे. शाळेचें नांव नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत वैद्य, औषध, परिचारक व रोगी हे चिकित्सेचे चार पाय सांगितले असून परिचारकाचे चार गुण दिले आहेत: उपचारांचें ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. तेथेंहि शाळेचा किंवा प्रवेशाच्या नियमाचा उल्लेख नाहीं. आतां पाहा, कल्पित शाळा हातची गेली, पण हातीं काय आलें? परिचारकाला चिकित्सेच्या चार पायांपैकीं एक मानणारें प्राचीन वचन! तें अध्यायासह दाखवितां येतें, आणि त्या शाळेपेक्षां तें किती तरी अधिक मोलाचें आहे. मुळाशीं जाणारा मनुष्य क्वचितच रिकाम्या हातानें परततो.

कोणी म्हणेल, इतकी चिकित्सा कशाला? परीक्षेंत गुण मिळाले कीं झालें. भगिनींनो, गोष्ट परीक्षेपाशीं थांबत नाहीं. ती रोग्याच्या खाटेपर्यंत जाते. डोरोथिया ओरेम (१९१४ ते २००७) या बाईंचा आत्मशुश्रूषेचा सिद्धान्त तुम्हां सर्वांस अभ्यासाला असतो. वॉशिंग्टन येथें धर्मभगिनींनीं चालविलेल्या प्रॉव्हिडन्स इस्पितळाच्या शाळेंत शिकलेल्या या बाई. त्यांचा सिद्धान्त एका ओळीच्या टिपणांत असा येतो: रोग्यानें स्वतःची काळजी स्वतः घ्यावी. ही ओळ घोकून वॉर्डांत गेलेली मुलगी अर्धांगानें लुळ्या पडलेल्या म्हाताऱ्यापुढें पाण्याचें भांडें व फडकें ठेवून पुढच्या खाटेकडे जाईल, आणि आपण सिद्धान्त पाळला असें समजेल. ओरेमबाई काय सांगतात? जेथें रोग्याला कांहींच करतां येत नाहीं तेथें सर्व कांहीं परिचारिकेनें करावयाचें. जेथें थोडें करतां येतें तेथें दोघांनीं वांटून घ्यावयाचें. आणि जेथें तो करूं शकतो पण ज्ञान किंवा धीर कमी पडतो तेथें शिकवावयाचें व आधार द्यावयाचा. रोगी यांपैकीं कोणत्या अवस्थेंत आहे हें आधीं पारखणें, हा सिद्धान्ताचा गाभा. एका ओळीच्या टिपणांत गाभा गळून पडला, आणि मागें उरलें तें दुर्लक्षाला एक विद्वत्तापूर्ण निमित्त. म्हाताऱ्याची पाठ चिघळते ती अशा अर्ध्या ज्ञानानें.

तर मग खरें तें कसें ओळखावें? यासाठीं नवी विद्या शिकावयास नको. औषध देतांना तुम्ही पांच गोष्टी पडताळतां: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. कितीहि घाई असली तरी बाटलीवरील चिठ्ठी वाचल्यावांचून औषध देत नाहीं. हीच शिस्त वाचनाला लावा.

पहिली गोष्ट, योग्य व्यक्ति. विचार कोणाचा आहे तें निश्चित करा. मनुष्याच्या मूलभूत गरजांचीं चौदा अंगें व्हर्जिनिया हेंडरसनबाईंनीं मांडलीं. परिचर्येच्या एकवीस समस्या फे अब्देला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० सालच्या ग्रंथांत मांडल्या. घाईनें उतरविलेल्या टिपणांत या दोन याद्यांची सरमिसळ सहज होते.

दुसरी गोष्ट, योग्य ग्रंथ. ज्या व्यक्तीचा विचार, तिचें स्वतःचें पुस्तक निदान एकदां तरी हातीं घ्या. नाइटिंगेलबाईंचें परिचर्येवरील प्रसिद्ध पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघालें. पहिलेंच पान उघडा. त्या सांगतात कीं, हें परिचारिका घडविण्याचें पाठ्यपुस्तक नव्हे, ज्यांच्यावर दुसऱ्याच्या आरोग्याचा भार आहे अशा स्त्रियांना विचाराला खाद्य म्हणून या सूचना आहेत. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड या पांच गोष्टी त्यांत आहेत. परंतु ‘पर्यावरण सिद्धान्त’ हें नांव त्यांनीं दिलेलें नाहीं, तें पुढील पिढ्यांतील अभ्यासकांनीं दिलें. हा भेद ज्या विद्यार्थिनीला ठाऊक आहे, तिनें मूळ वाचलें आहे असें परीक्षक तत्काळ ओळखतो.

तिसरी गोष्ट, योग्य आवृत्ति. जशी औषधाची मात्रा. जिवंत विचार वाढत असतो. सिस्टर कॅलिस्टा रॉय या संत जोसेफच्या संघांतील धर्मभगिनी. लहान मुलांच्या वॉर्डांत काम करीत असतां, आजारी बालकें बदललेल्या परिस्थितीशीं किती चिवटपणें जुळवून घेतात हें त्यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांतून त्यांचा अनुकूलनाचा सिद्धान्त उगवला. त्यांचा पहिला लेख १९७० सालीं आला, ग्रंथ १९७६ सालीं. पुढील ग्रंथांत त्यांनीं एकट्या व्यक्तीबरोबर कुटुंबाचा व समूहाचाहि विचार केला. ओरेमबाईंच्या ग्रंथाची पहिली आवृत्ति १९७१ ची व सहावी २००१ ची. तेव्हां ‘रॉय म्हणतात’ किंवा ‘ओरेम म्हणतात’ एवढें लिहून भागत नाहीं. कोणत्या सालीं म्हणतात, हेंहि लिहिलें पाहिजे.

चौथी गोष्ट, योग्य मार्ग. विचार तुमच्यापर्यंत किती हातांतून आला तें मोजा. ग्रंथकर्तीचें पुस्तक हा झरा. जाणत्या संपादकांनीं केलेले संग्रह ही विहीर. मार्था अॅलिगुड व अॅन मॅरिनर टोमी यांचा परिचर्येच्या सिद्धान्तकारांवरील ग्रंथ, किंवा अफाफ मेलिस यांचा सैद्धान्तिक परिचर्येवरील ग्रंथ, हे या जातीचे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत ते मागा. पाठ्यपुस्तक हा रांजण, आणि मैत्रिणीच्या वहीवरून उतरविलेली वही ही ओंजळ. ओंजळींतलें पाणी तहानेला धांवून येतें, पण तें कोठून आलें हें ओंजळीला सांगतां येत नाहीं. ज्या संकेतस्थळावर लेखकाचें नांव नाहीं, साल नाहीं आणि आधार दिलेले नाहींत, तें बिनचिठ्ठीच्या बाटलीसारखें समजावें. आतां प्रश्नाला तात्काळ उत्तर देणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत. वाट दाखविण्यापुरता त्यांचा उपयोग करावयास हरकत नाहीं. परंतु हीं यंत्रें कधीं कधीं ग्रंथाचें नांव, लेखक, साल, पान असें सर्व कांहीं नीटस मांडतात आणि तसा ग्रंथच अस्तित्वांत नसतो. म्हणून यंत्रानें दिलेला एकहि आधार स्वतः उघडून पाहिल्यावांचून लिहूं नका.

पांचवी गोष्ट, योग्य वेळ. सिद्धान्त मांडला गेल्यावर त्याची पारख कोणीं केली, तो कोठें टिकला व कोठें अपुरा पडला, हें नंतरच्या नियतकालिकांतून कळतें. ज्या नियतकालिकांत लेख छापण्यापूर्वीं त्या विषयाचे जाणकार तो तपासतात, त्यांचाच विश्वास धरावा. पैसे घेऊन आलेलें सर्व कांहीं छापणारीं नियतकालिकेंहि पुष्कळ माजलीं आहेत. त्यांच्या चकचकीत नांवांना भुलूं नये.

हें सर्व शोधावयाचें कोठें, असें विचाराल. येथें हेंडरसनबाईंची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. परिचर्येची त्यांची व्याख्या जगभर पाठ होते, पण त्यांच्या मोठ्या कष्टाच्या कामाची आठवण थोड्यांना असते. परिचर्येवर आजवर काय लिहिलें गेलें हें कोणालाच नीट ठाऊक नाहीं, हें पाहून त्यांनीं येल विद्यापीठांत सहकाऱ्यांसह १९०० ते १९५९ या साठ वर्षांतील वाङ्मयाची सूची केली. तिचे चार खंड १९६३ ते १९७२ या काळांत निघाले. जिनें सिद्धान्त सांगितला तिनेंच आधार शोधण्याची वाटहि बांधून दिली. १९६१ पासून परिचर्येच्या वाङ्मयाची आणखी एक सूची अमेरिकेंत छापली जाऊं लागली; तीच आज सिनाल या नांवानें संगणकावर मिळते, मात्र तिला वर्गणी लागते व ती महाविद्यालयामार्फत पाहावी लागते. पबमेड ही वैद्यकाची सूची सर्वांस विनामूल्य खुली आहे. सिग्मा या परिचारिकासंघाचें भांडार आहे. भारतांतील विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेंत आहेत. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ही भारतीय परिचारिकांची संस्था १९०८ सालीं स्थापन झाली व तिचें नियतकालिक १९१० पासून निघूं लागलें. आपल्या देशांतील परिचर्येचा इतिहास पाहावयाचा तर तेथून आरंभ करावा. मराठींत प्रथम ओळख हवी असेल तर मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर परिचर्येच्या नोंदी आहेत. नाइटिंगेलबाईंचें पुस्तक तर इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतें. आणि लिन मॅक्डॉनल्ड यांनीं संपादिलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळा खंडांपैकीं नववा व दहावा हे खंड हिंदुस्थानविषयींच आहेत. ज्या बाई येथें कधीं आल्या नाहींत त्यांनीं आपल्या खेड्यांच्या पाण्याची व गटारांची किती वर्षें काळजी वाहिली, हें त्यांतून कळतें.

एवढें केल्यावर एक परीक्षा उरते, आणि ती ग्रंथालयांत देतां येत नाहीं. हे सिद्धान्त बहुतेक परदेशांत जन्मले. ते विदर्भांतील घराला लागू पडतात काय? मॅडलिन लायनिंगर (१९२५ ते २०१२) या बाई न्यू गिनींतील गॅडसप लोकांत राहून आल्या आणि त्यांनीं सांगितलें कीं, परिचारिकेनें रोग्याच्या चालीरीति आधीं समजून घ्याव्या. ज्या हितकर त्या राखाव्या, ज्यांत तडजोड होईल तेथें तडजोड करावी, आणि ज्या अपायकारक त्या प्रेमानें बदलवाव्या. आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलींत हें ताडून पाहा. डिंकाचा लाडू व अंगाचें मर्दन सहसा राखण्यासारखें. बंद खिडक्या व खोलींतला धूर येथें तडजोड हवी. ऊब राहूं द्या, पण धूर बाहेर जाऊं द्या. परंतु कोठें कोठें पहिलें चिकाचें दूध टाकून देतात. ती चाल बदललीच पाहिजे, कारण तें दूध नवजात बालकाचें पहिलें रक्षण आहे. सासूबाईंशीं भांडून ती बदलणार नाहीं. त्यांच्याजवळ बसून बदलेल. असें ताडून पाहिल्यावर जें दिसेल तें तारखेसह लिहून ठेवा. तुमचें तें टिपण उद्यां कोणाचा तरी मूळ आधार होईल.

हें आम्ही उगीच म्हणत नाहीं. याच नागपुरांत १९२१ सालीं कमलाबाई होस्पेट यांनीं वेणूताई नेने यांच्या सोबतीनें मातृ सेवा संघ काढिला. अल्पवयांत वैधव्य आलेली ही स्त्री. तिनें परिचर्येचें शिक्षण घेतलें आणि गरीब स्त्रियांच्या सुरक्षित बाळंतपणासाठीं सारा जन्म वेंचला. १९६१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. १९८१ सालीं त्या निवर्तल्या. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानेंहि स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखविली. परंतु या स्त्रियांनीं रोग्याविषयीं, बाळंतिणीविषयीं काय विचार केला, कोणती रीत बसविली, हें आमच्या मुलींच्या निबंधांत आम्हांस क्वचितच दिसतें. १८९१ सालीं मुंबईस शिक्षणासाठीं आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत हें नांव पाठ्यपुस्तकांत येतें. त्या एका ओळीपलीकडे बहुतेक पुस्तकें जात नाहींत. परदेशांतील विदुषींचा विचार आपल्यापर्यंत पोहोंचला, कारण त्यांनीं तो लिहिला आणि दुसऱ्यांनीं तो जपून ठेविला. आपल्याकडे सेवा कमी झाली नाहीं. लिहिणें कमी झालें.

म्हणून या महोत्सवानिमित्त आम्ही एक काम सुरू करीत आहों. धर्मग्रामाच्या कचेरींत एक जाड वही ठेविली आहे. आपल्यांतील ज्या वृद्ध परिचारिकांनीं व धर्मभगिनींनीं तीस तीस, चाळीस चाळीस वर्षें सेवा केली, त्यांच्याजवळ तरुण मुलींनीं जाऊन बसावें. पटकीच्या सांथींत काय केलें, औषध नसतां ताप कसा उतरविला, नकार देणाऱ्या घरांत पाऊल कसें टाकलें, हें त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावें. प्रत्येक टिपणाखालीं सांगणारीचें नांव, लिहिणारीचें नांव, स्थळ व तारीख असावी. ऐकीव असेल तें ऐकीव म्हणून लिहावें, डोळ्यांनीं पाहिलेलें असेल तें तसें लिहावें. आणि रोग्यांचीं नांवें मात्र कोठेंहि येऊं नयेत. सांगणाऱ्यांपैकीं कित्येकींचें वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे, हें ध्यानांत असूं द्या. मूळ आधार एकदां मातींत गेला कीं कोणत्याहि सूचींत तो पुन्हां सांपडत नाहीं.

भगिनींनो, जिला पुस्तकांतलें वाक्य तपासण्याचा कंटाळा नाहीं, तिला औषधाची चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचण्याचाहि कंटाळा येत नाहीं. मन एकच असतें. तुमच्या हातून खरें लिहिलें जावो, खरें सांगितलें जावो, आणि तुमच्या हातीं सोंपविलेल्या प्रत्येक रोग्यास त्याचा लाभ होवो, अशी आम्ही परमेश्वरापाशीं प्रार्थना करितों. त्याचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर असो.